वेग आणि अचूकता: पिस्तूल नेमबाजीत घड्याळ आणि गुण यांचा हिशेब

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सावकाश नेमबाजीत २५ मीटरवर आपला ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या गोळ्यांचा पुंजका, समाधानकारक येतो; परंतु प्रॅक्टिकल नेमबाजीच्या, म्हणजे जागा बदलत घड्याळाविरुद्ध खेळायच्या, स्पर्धेत, प्रॉडक्शन डिव्हिजन या गटात, टायमरचा बीप वाजला की त्याच पिस्तुलातून सुटलेल्या गोळ्या ए झोनच्या, म्हणजे लक्ष्याच्या सर्वाधिक गुणांच्या मधल्या भागाच्या, खाली आणि डावीकडे जाऊ लागतात. वेग कमी केला की गुण मिळतात, मात्र निकालपत्रात नाव खाली घसरते. आपण उजव्या हाताने नेम धरता आणि जवळच्या लक्ष्यांवर दोन गोळ्यांमधले अंतर, म्हणजे स्प्लिट, सुमारे ०.२० सेकंद ठेवता. अशा वेळी आधी अचूकता पक्की करून वेग आपोआप येण्याची वाट पाहावी, की आधी वेग वाढवून अचूकता मागाहून सावरावी, असे आपण विचारले आहे.

या दोन्ही पर्यायांमागे एक गृहीतक आहे: वेग हवा असेल तर तेवढी अचूकता सोडावी लागते आणि अचूकता हवी असेल तर तेवढा वेग. माझ्या मते ते अर्धेच खरे आहे. ट्रिगर दाबण्याच्या क्षणापुरते पाहिले तर अशी देवाणघेवाण काही प्रमाणात होते. पण स्टेजवरचा, म्हणजे स्पर्धेतल्या एका स्वतंत्र फेरीतला, बराचसा वेळ गोळी सुटत नसताना जातो, आणि तो वाचवण्यासाठी अचूकतेतले काहीही द्यावे लागत नाही. शिवाय प्रत्येक लक्ष्याला सारखीच खात्री लागत नाही. म्हणून ‘किती वेगाने’ हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. पहिला प्रश्न असा की या अंतरावर, या आकाराच्या लक्ष्याला साइटचे, म्हणजे पिस्तुलावरच्या नेमखुणांचे, किती दर्शन पुरते.

त्याआधी मात्र नियमपुस्तिका नीट समजून घ्यावी लागते, कारण वेळेची किंमत प्रत्येक प्रकारात वेगळी असते. ऑलिंपिक नेमबाजी चालवणाऱ्या आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात वेळ भिंतीसारखी उभी असते: पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या, आणि त्यासाठी अनुक्रमे ८, ६ आणि ४ सेकंद. ३.९ सेकंदांत संपवणाऱ्याला ३.२ सेकंदांत संपवणाऱ्यापेक्षा एक गुणही कमी मिळत नाही. उशिरा सुटलेल्या गोळीला मात्र शून्य. पोलादी प्लेटवर खेळायच्या स्टील चॅलेंजमध्ये उलट स्थिती आहे. तिथे वेळ हाच गुण असतो, आणि न लागलेली प्रत्येक प्लेट ३ सेकंदांचा दंड घेऊन येते. आयडीपीए या स्वसंरक्षणावर बेतलेल्या पिस्तूल खेळात वेळेत दंडाचे सेकंद मिळवले जातात. २०१७ च्या नियमांपासून गमावलेला प्रत्येक गुण १ सेकंदाचा झाला, त्याआधी तो अर्ध्या सेकंदाचा होता. या एका बदलाने त्या खेळातला योग्य वेग बदलला, कारण जी घाई पूर्वी फायद्याची ठरत होती ती एका रात्रीत तोट्याची झाली.

आपण ज्या आयपीएससी (प्रॅक्टिकल नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना) पद्धतीत खेळता तिथे मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागले जाते आणि येणाऱ्या संख्येला हिट फॅक्टर म्हणतात. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेने अचूकता, शक्ती आणि वेग ही तीन तत्त्वे ब्रीद म्हणून स्वीकारली, आणि तिघांनाही गुणपद्धतीत जागा आहे. ए झोनला ५ गुण मिळतात. ए च्या बाहेरच्या सी झोनला मेजर पॉवर फॅक्टर (गोळीचे वजन आणि वेग यांवरून ठरणारी शक्तीची वरची श्रेणी) असेल तर ४ आणि मायनर (खालची श्रेणी) असेल तर ३. सर्वांत बाहेरच्या डी झोनला अनुक्रमे २ आणि १. गोळी न लागल्यास उणे १०. प्रॉडक्शनमध्ये सर्वांचे गुण मायनरनेच मोजले जातात, त्यामुळे आपल्याला प्रत्येक सी २ गुणांना पडतो. हे दोन गुण वेळेत किती होतात ते काढण्याची रीत सोपी आहे: १ ला त्या स्टेजच्या अपेक्षित हिट फॅक्टरने भागले की एका गुणाची किंमत सेकंदांत मिळते.

समजा, बारा कागदी लक्ष्यांवर प्रत्येकी दोन, अशा २४ गोळ्यांची स्टेज आहे. कमाल १२० गुण. आपण ती सर्व ए मारून १५ सेकंदांत संपवली तर हिट फॅक्टर ८ येतो. म्हणजे एक गुण ०.१२५ सेकंदाचा, एक सी पाव सेकंदाचा आणि एक डी अर्ध्या सेकंदाचा. हुकलेल्या गोळीने मात्र मिळणारे ५ गुणही जातात आणि १० वजाही होतात. १५ गुण म्हणजे जवळजवळ १.९ सेकंद. हीच गणना हिट फॅक्टर ४ असलेल्या, दूरच्या आणि झाकलेल्या लक्ष्यांच्या स्टेजवर केली तर सी अर्ध्या सेकंदाचा आणि हुकलेली गोळी पावणेचार सेकंदांची होते. जवळच्या लक्ष्यांच्या, धावपळीच्या स्टेजवर हिट फॅक्टर १२ पर्यंत गेला तर सी सेकंदाच्या सहाव्या भागाइतका स्वस्त होतो. एकाच स्पर्धेत, एकाच दिवशी, एकाच नेमबाजाने तीन स्टेजवर तीन वेगळ्या प्रकारे खेळणे हे या हिशेबातून येते. ‘मी अचूक खेळणारा’ किंवा ‘मी वेगवान खेळणारा’ असा स्वभाव ठरवून घेण्याला इथे काही अर्थ उरत नाही.

आता प्रत्यक्ष दोन फेऱ्या शेजारी ठेवून पाहू. पहिल्या फेरीत त्याच स्टेजवर २२ ए आणि २ सी, वेळ १५ सेकंद: ११६ गुण, हिट फॅक्टर ७.७३. दुसऱ्या फेरीत नेमबाजाने जोर लावला; वेळ १३.८० सेकंद झाली, पण २० ए, ३ सी आणि एक गोळी हुकली. गुण ९९, हिट फॅक्टर ७.१७. १.२ सेकंद वाचवूनही तो मागे पडला. पहिल्या फेरीची बरोबरी करण्यासाठी त्याला हीच स्टेज १२.८० सेकंदांत संपवावी लागली असती. मायनर गुणांच्या डिव्हिजनमध्ये मी शिष्यांना एक ढोबळ पट्टा देतो. संपूर्ण स्पर्धेत उपलब्ध गुणांपैकी ९० टक्क्यांहून कमी मिळत असतील तर त्रुटी नेमात आहे, आणि सातत्याने ९७ टक्क्यांच्या वर मिळत असतील तर बहुधा साइट जुळल्यावरही ट्रिगर दाबायला उशीर होत आहे. हा पट्टा अनुभवाचा आहे, नियमाचा नाही.

आपल्या स्प्लिटचाही असाच हिशेब मांडू. बारा लक्ष्यांवर प्रत्येकी दोन गोळ्या असतील तर स्टेजभर बाराच स्प्लिट होतात. ते ०.२० वरून ०.२५ वर नेले तर एकूण ०.६ सेकंद जास्त लागतात, म्हणजे हिट फॅक्टर ८ ला पाच गुणांहून किंचित कमी. या संथपणाने तीन सी जरी ए मध्ये बदलले तरी ६ गुण परत येतात. ज्यासाठी नेमबाज सर्वात जास्त धोका पत्करतो, ती दुहेरी गोळीची घाई एवढ्या अल्प लाभाची असते. तरी प्रेक्षकांना तिचाच आवाज ऐकू येतो, म्हणून बहुतेकांचा सरावही तिच्याभोवतीच फिरतो.

मग वेळ जातो कुठे? टायमरमधल्या नोंदी पाहा, उत्तर सापडेल. होल्स्टरमधून पिस्तूल काढून पहिली गोळी सुटेपर्यंतचा वेळ, एका जागेवरून दुसऱ्या जागी पोहोचून तिथली पहिली गोळी सुटेपर्यंतचा वेळ, मॅगझिन बदलताना पाय थांबत असतील तर तो वेळ, आणि एका लक्ष्यावरून दुसऱ्या लक्ष्याकडे जातानाचा वेळ. यातला सर्वांत मोठा चोर म्हणजे नव्या जागी पोहोचण्याची रीत. सामान्य नेमबाज धावत येतो, दोन्ही पाय रोवतो, शरीर स्थिर होऊ देतो, मग पिस्तूल उंचावतो, मग साइट शोधतो आणि मग ट्रिगर दाबतो. पाच कामे एकामागोमाग एक. मुरलेला नेमबाज शेवटच्या दोन-तीन पावलांतच पिस्तूल डोळ्यांसमोर आणतो, गुडघे वाकवून वेग उतरवतो आणि मागचा पाय टेकण्यापूर्वीच, लक्ष्य सोपे असेल तर, पहिली गोळी सोडतो. ट्रिगर दाबण्याची गती दोघांचीही तीच असू शकते. तरी प्रत्येक जागेवर अर्ध्या सेकंदाचा फरक पडतो, आणि चार जागांची स्टेज असेल तर दोन सेकंद वाचतात. दोन सेकंद म्हणजे हिट फॅक्टर ८ ला १६ गुण. सगळे स्प्लिट निम्मे केले तरी एवढे मिळणार नाहीत. अर्थात ही सगळी हालचाल बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर आणि नळी सुरक्षित कोनात ठेवूनच करायची आहे. त्यात चूक झाली तर स्पर्धेतून थेट बाद व्हावे लागते, आणि ते योग्यच आहे.

आता साइटकडे वळतो. नेमातल्या चुका दोन प्रकारच्या असतात आणि त्यांची किंमत फार वेगळी असते. फ्रंट साइट (नळीच्या टोकाजवळची नेमखूण) रिअर साइटच्या (मागच्या नेमखुणेच्या) खाचेत नीट बसलेली असताना संपूर्ण हात एक सेंटिमीटर बाजूला सरकला, तर गोळीही लक्ष्यावर जवळपास एकच सेंटिमीटर सरकते, मग अंतर कितीही असो. पण फ्रंट साइट खाचेत एक मिलिमीटर जरी बाजूला राहिली तर चूक कोनाची होते आणि अंतरासोबत वाढत जाते. दोन्ही साइटमधले अंतर १६० मिलिमीटर धरले, तर ही एक मिलिमीटरची चूक ७ मीटरवर सुमारे ४.४ सेंटिमीटर होते आणि २५ मीटरवर १५.६ सेंटिमीटर. आयपीएससी लक्ष्याचा ए झोन सुमारे १५ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना साडेसात. ७ मीटरवर फ्रंट साइट खाचेत थोडी तिरकी दिसत असतानाही गोळी ए मध्येच जाणार. तिथे साइट चोख जुळण्याची वाट पाहणे म्हणजे वेळ वाया घालवणे. २५ मीटरवर तेवढाच तिरकेपणा थेट ए च्या बाहेर नेतो. म्हणून प्रत्येक अंतराला पुरेसे दर्शन कसे असते हे रेंजवर ठरवून शिकावे लागते: ७ मीटरवर मुद्दाम फ्रंट साइट खाचेच्या एका कडेला टेकवून सावकाश पाच गोळ्या सोडा आणि त्या कुठे लागतात ते पाहा, मग १५ मीटरवर तेच करा. डोळ्याला एकदा ही मर्यादा कळली की नको तिथे थांबणे आपोआप सुटते. रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट, वापरणाऱ्यांना दोन साइट जुळवण्याचा त्रास नसतो, मात्र ठिपक्याची बारीकसारीक थरथर त्यांना सतत दिसते आणि तो थांबण्याची ते वाट पाहत बसतात. ७ मीटरवर ठिपका ए झोनच्या आत हलत असेल तर तो हलत असतानाच ट्रिगर दाबायचा असतो.

‘पुरेशी’ अचूकता ही काही फक्त प्रॅक्टिकल खेळातली सवलत नाही. लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायरच्या अंतिम फेरीत प्रत्येक गोळीचे गुण ९.७ किंवा अधिक असतील तर एक हिट, नाहीतर शून्य, असा नियम होता. क्यूबाच्या ल्युरिस पुपोने ४० पैकी ३४ हिट करून सुवर्ण जिंकले आणि भारताच्या विजय कुमारने ३० हिटसह रौप्य. तिथे १०.९ आणि ९.७ यांची किंमत एकच होती. चार सेकंदांत पाच वेळा रेषेच्या आत राहणे एवढीच मागणी होती. त्याच स्पर्धेच्या पात्रता फेरीत, जिथे गुण मोजले गेले, रशियाच्या अलेक्सेई क्लिमोव्हने ६०० पैकी ५९२ गुण मिळवले. साठ गोळ्यांपैकी वीस ४ सेकंदांच्या सिरीजमध्ये (पाच-पाच गोळ्यांच्या संचांत) मारूनही एकूण आठच गुण गेले. त्या दर्जाच्या नेमबाजाकडे वेगाची किंमत अचूकतेने चुकती होत नाही, कारण त्याच्या हालचालीत सुधारायचे असे फारसे काही शिल्लक नसते: लक्ष्यांच्या मध्यांतले अंतर ७५ सेंटिमीटर, म्हणजे २५ मीटरवरून पावणेदोन अंशांहूनही किंचित कमी, आणि तेवढे वळण तो खांद्यातून न घेता घोटा-कमरेतून, हात आणि धड एकत्र ठेवून घेतो.

आता आपल्या खाली-डावीकडे जाणाऱ्या गोळ्या. उजव्या हाताच्या नेमबाजाचे हे अगदी ठरलेले लक्षण आहे, आणि सावकाश मारताना ते दिसत नाही याचे कारणही ठरलेले आहे. बीप वाजल्यावर मेंदू ‘लवकर’ असा आदेश देतो आणि तो एकट्या तर्जनीपर्यंत न पोहोचता साऱ्या मुठीपर्यंत पोहोचतो. ट्रिगरसोबत करंगळी आणि अनामिका आवळल्या जातात, नळीचे टोक खाली झुकते. तर्जनी ट्रिगर सरळ मागे न खेचता आत वळवते, टोक डावीकडे जाते. त्यात येणाऱ्या धक्क्याचा अंदाज घेऊन मनगट आधीच पुढे ढकलले गेले की गोळी आणखी खाली जाते. म्हणून वेग कमी करून हा दोष जात नाही, फक्त झाकला जातो. सावकाश ट्रिगर दाबण्याचा कितीही सराव केला तरी वेगाने दाबण्याची वेगळी कला त्यातून येत नाही.

यावर माझा एक ठरलेला व्यायाम आहे. पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करा, दारूगोळा दुसऱ्या खोलीत ठेवा आणि गोळी अडेल अशा भिंतीकडेच तोंड करा. दोन्ही हातांनी पकड घेऊन साइट एका लहान ठिपक्यावर ठेवा, बोट ट्रिगरवर नुसते टेकलेले असू द्या. टायमरचा बीप वाजताच एका झटक्यात, दाब न साठवता, ट्रिगर पूर्ण दाबा आणि हॅमर किंवा स्ट्रायकर (गोळी उडवणारा आतला भाग) सुटतानाच्या क्षणी फ्रंट साइट हलली का ते पाहा. बहुतेकांची पहिल्या दिवशी स्पष्ट हलते. आता आधाराच्या हाताची पकड वाढवा आणि ट्रिगरच्या हाताची इतकी कमी करा की तर्जनी बाकीच्या बोटांना सोबत न घेता हलू शकेल. पिस्तूल धरून ठेवण्याचे बरेचसे काम डाव्या हाताला द्या. साइट हलेनाशी झाली की बोट ट्रिगरवर टेकवण्याऐवजी त्याच्या किंचित पुढे ठेवून हेच करा. या कोरड्या सरावात वेगाचा आणि निश्चलतेचा एकाच वेळी अभ्यास होतो, आणि नेमका तोच आपल्याकडे कमी पडतो आहे. एका हाताने खेळणाऱ्या आयएसएसएफ नेमबाजाला दुसऱ्या हाताचा आधार नसतो; त्यामुळे २५ मीटर पिस्तुलाच्या, तीन सेकंदांसाठी लक्ष्य समोर येणाऱ्या फेरीत तो हात वर येत असतानाच ट्रिगरचा पहिला टप्पा घेतो आणि शेवटच्या दाबाला पुरेसा वेळ राखून ठेवतो. ही बेगमी न करणाऱ्याला तिसऱ्या सेकंदाच्या कडेला झटका मारावा लागतो.

दुसऱ्या गोळीबद्दल एक गोष्ट समजली पाहिजे. डोळ्याने काही पाहून बोटाने प्रतिसाद द्यायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. म्हणजे ०.२० सेकंदाच्या स्प्लिटमध्ये दुसरी गोळी पहिलीनंतर दिसलेल्या साइटला दिलेले उत्तर नसते. पिस्तूल धक्क्यानंतर त्याच जागी परत येईल या अंदाजावर ती सोडलेली असते. जवळच्या लक्ष्यावर असा अंदाज रास्त आहे, पण पकड अशी असावी की पिस्तूल प्रत्येक वेळी एकाच वाटेने वर जाऊन एकाच जागी उतरेल. दुसरी गोळी सातत्याने पहिलीच्या वर लागत असेल तर पिस्तूल परत येण्याआधीच ट्रिगर दाबला गेला आहे. खाली लागत असेल तर ते गरजेपेक्षा जास्त जोराने खाली आणले गेले आहे. १५ ते २० मीटरच्या पुढे अंदाजावर विसंबू नये. साइट परत आलेली दिसल्यावरच बोट हलले पाहिजे, आणि तिथे स्प्लिट ०.३५ किंवा त्याहून जास्त आला तरी त्यात कमीपणा नाही. दोन्ही पद्धती स्वतंत्रपणे सरावाव्या लागतात. दूरच्या लक्ष्यावर जवळची पद्धत वापरणे हीच मी स्पर्धांत सर्वाधिक पाहिलेली चूक आहे.

लक्ष्ये बदलतानाही वेगाची मर्यादा कुठे आहे ते ओळखावे. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये दाखवले की हात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्याचा वेळ अंतर वाढले की वाढतो आणि लक्ष्य लहान झाले की तसाच वाढतो. पिस्तुलाचेही तेच होते: रुंद लक्ष्याकडे ते वेगाने फिरवता येते, अर्धे झाकलेल्या लक्ष्याकडे जाताना शेवटच्या टप्प्यात वेग उतरवावाच लागतो. ज्यांचा ठिपका किंवा फ्रंट साइट लक्ष्याच्या पुढे निघून जाते आणि परत ओढावी लागते, ते खांद्यांच्या जोराने पिस्तूल फेकतात. उपाय डोळ्यांत आहे. शेवटची गोळी सुटताना साइट दिसली की नजर पुढच्या लक्ष्याच्या एका नेमक्या बिंदूवर जावी, अख्ख्या तपकिरी पुठ्ठ्यावर नव्हे, आणि पिस्तूल नजरेच्या मागोमाग तिथे यावे. नजर आणि पिस्तूल एकदमच निघाले तर पिस्तुलाला थांबायचे कुठे हे ठाऊक नसते.

जास्त वेळ म्हणजे जास्त अचूकता, हेही सगळीकडे खरे नाही. एका हाताने धरलेले पिस्तूल लक्ष्यावर आल्यावर काही सेकंदांनी सर्वांत स्थिर असते. त्यानंतर श्वास रोखल्याचा परिणाम होतो, स्नायू थरथरतात आणि डोळ्यांसमोरची प्रतिमा धूसर होऊ लागते. आयएसएसएफच्या स्टँडर्ड पिस्तूल प्रकारात पाच गोळ्यांना १५०, मग २०, मग १० सेकंद मिळतात, पिस्तूल आणि लक्ष्य तेच राहते. १५० सेकंदांच्या सिरीजमध्येही जे सर्वाधिक वेळ धरून बसतात त्यांचे गुण सर्वाधिक नसतात. आपण प्रॅक्टिकल खेळत असलात तरी हा कार्यक्रम अधूनमधून मारून पाहावा: १५० आणि १० सेकंदांच्या सिरीजमधली गुणांची दरी आपल्या ट्रिगरची पारख करते. दोन्हीकडे गुण कमी असतील तर मूळ नेम कच्चा आहे. फक्त १० सेकंदांत कोसळत असतील तर प्रश्न आपल्यासारखाच, मुठीचा आहे.

सरावाचे वाटप मी असे करायला सांगतो. एकाच सत्रात सगळे मिसळू नये. काही सत्रे निव्वळ अचूकतेची असावीत: २५ मीटर, टायमर बंद, प्रत्येक गोळीचा हिशेब. आपल्या सावकाश ग्रुपने २५ मीटरवरच ए झोनची सारी रुंदी व्यापली असेल तर वेगाच्या गडबडीसाठी काही जागाच उरत नाही, म्हणून हा पाया सोडता येत नाही. काही सत्रे मुद्दाम मर्यादेपलीकडच्या वेगाची असावीत. होल्स्टरमधून काढून ७ यार्डांवर, म्हणजे सुमारे साडेसहा मीटरवर, सहा गोळ्या सोडण्याचे बिल ड्रिल यासाठी उत्तम. सहाही ए मध्ये येत असतील तर वेग वाढवा, दोन-तीन बाहेर जाऊ लागल्या की थांबा आणि त्या कोणत्या दिशेला गेल्या ते पाहा. या सत्रात गोळ्या बाहेर जाणे अपेक्षितच आहे, कारण कोणता भाग आधी मोडतो ते कळण्यासाठीच हे सत्र असते. तिसऱ्या प्रकारच्या सत्रात स्पर्धेसारखे, एकदाच, गुण मोजून खेळावे. जे नेमबाज वर्षभर फक्त याच तिसऱ्या प्रकारात मधल्या वेगाने मारत राहतात त्यांची प्रगती थांबते. त्यांच्या हाताला नवा वेग कधी भेटत नाही आणि डोळ्याला नवी शिस्तही नाही.

शॉट कॉल करण्याची सवय या सगळ्याला जोडून ठेवते. गोळी सुटताना साइट कुठे होती ते पाहून, लक्ष्यावरचे भोक न शोधता, ती कुठे लागली हे सांगता आले पाहिजे. आयपीएससीमध्ये कागदी लक्ष्यावरच्या सर्वोत्तम दोन गोळ्याच धरल्या जातात, म्हणून जास्तीची गोळी केव्हा परवडते याचा निर्णय याच कॉलवर होतो. पिस्तूल त्याच लक्ष्यावर असताना एक जादा गोळी साधारण पाव सेकंदाची पडते. हुकलेली गोळी हिट फॅक्टर ८ ला १.९ सेकंदांची असल्यामुळे लगेच भरून काढणे केव्हाही योग्य. सी सुधारून ए करण्यात बरोबरी होते, म्हणजे जादा गोळीचा धोका फुकट. डी मात्र जागच्या जागी कळला तरच भरावा. पुढच्या लक्ष्यावर जाऊन मग शंका आली म्हणून मागे वळणे जवळजवळ नेहमी तोट्याचे असते, कारण जाऊन येण्याची दोन वळणे आणि मोडलेली लय धरून एक सेकंद सहज जातो.

आपल्यापुरते सांगायचे तर पुढच्या स्पर्धेपर्यंत रोज दहा-पंधरा मिनिटे वर सांगितलेला बीपवरचा कोरडा ट्रिगर आणि रेंजवर दोन्ही हातांच्या पकडीची पुनर्रचना, एवढेच करावे. नवे पिस्तूल, नवा स्प्रिंग किंवा हलका ट्रिगर यांच्या मागे आत्ता लागू नये. स्पर्धेच्या दिवशी प्रत्येक स्टेजची पाहणी करताना आपला अपेक्षित हिट फॅक्टर अंदाजे ठरवा आणि सी, हुकलेली गोळी यांची किंमत मनात पक्की करा. मग कोणत्या लक्ष्यांवर अंदाजाने, कोणत्यांवर साइट पाहून आणि कोणत्यांवर पूर्ण थांबून मारायचे हे बीपपूर्वीच ठरवून टाका. बीपनंतर वेगाबद्दल कोणताही निर्णय घेऊ नका. स्प्लिट ०.२५ च्या आसपास राहू द्या आणि जागा बदलताना पिस्तूल आधीच डोळ्यांसमोर येते की नाही याकडे लक्ष ठेवा. स्टेज संपल्यावर, गुण मोजले जाण्याआधी, कोणत्या गोळ्या ए च्या बाहेर गेल्या असे वाटते ते वहीत लिहा आणि नंतर प्रत्यक्ष गुणपत्रक त्याच्याशी ताडून पाहा. बाहेर गेलेल्या गोळ्या आपण अचूक कॉल केल्या असतील तर डोळा तयार आहे आणि वेग थोडा वाढवायला हरकत नाही. बाहेर गेलेल्यांपैकी निम्म्यांची आपल्याला कल्पनाच नसेल, तर तोच वेग अजून काही स्पर्धा तसाच ठेवावा.